सायकलने ऑफिस : तिसरा प्रयत्न

हाफ_पेडल

घरापासून ऑफिस ९ किलोमीटर. याआधी दोनदा सायकलने जायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा सायकल परत जिन्याखाली गेली. पहिल्यांदा ११ दिवस टिकलो, दुसऱ्यांदा ५.

पहिल्या वेळी घामाने घात केला. निघताना माणूस, पोचताना पोतेरं. शर्ट अंगाला चिकटलेला आणि समोर मीटिंग, त्यामुळे तसाच एसीच्या झोताखाली जाऊन बसलो. शेजारच्याने खुर्ची हळूच पलीकडे सरकवली, ते मी पाहिलं. दुसऱ्या वेळी चौथ्या दिवशी मागचं चाक पंक्चर. काढून घेतलं, तर पाचव्या दिवशी तेच चाक परत बसलं. सहाव्या दिवशी सकाळी मुकाट्याने स्कूटरची किल्ली उचलली, ती आजतागायत हातात आहे.

सायकल साधीच आहे, सरळ हँडल, मागे ७ गियर. माझं वय ४३, वजन विचारू नका. वाटेत एक लांबट चढ, बाकी सपाट. पाचेक किलोमीटर झाले की गुडघ्याची वाटी पुढून ठणकायला लागते.

इथले बरेच जण वर्षानुवर्षं सायकलने कामाला जातात हे ठाऊक आहे. प्रेरणा नको, ती दर १ जानेवारीला आपोआप येते. तुमचं रोजचं कसं निभतं ते सांगा.

वाचनमात्र

बसलो सतरंजी टाकून. माझीही जिन्याखालीच आहे.

सावकाश_जा

९ किमीला किती वेळ लागायचा तुम्हाला?

हाफ_पेडल

२५ मिनिटं. अगदी रहदारी लागली तर २८. ऑफिसात ऐटीत सांगायचो.

सावकाश_जा

तिथेच घोळ आहे. माझं ऑफिस ११ किमी आहे आणि मी ४५ मिनिटं घेतो. १४ वर्षं झाली. तुम्ही कामाला जात नव्हता हो, शर्यतीला जात होता, आणि रोज शर्यत कोणाला झेपत नाही. पुढे कोणी सायकलवाला दिसला की त्याला गाठायचंच, ही खोड आधी सोडा. तो कुठून आलाय, कुठे चाललाय, आपल्याला काय करायचंय?

आकडेमोड

सावकाशरावांच्या म्हणण्याला हिशेब जोडतो, कारण मलाही तो केल्याशिवाय पटलं नव्हतं.

९ किमी २५ मिनिटांत म्हणजे ताशी २१.६ किमी. तेच ताशी १५ ने गेलात तर ३६ मिनिटं. फरक ११ मिनिटांचा. आता सपाट रस्त्यावर वारा कापायला जी शक्ती लागते ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १५ चे २१.६ म्हणजे वेग १.४४ पट, आणि १.४४ चा घन जवळजवळ ३. म्हणजे ११ मिनिटं वाचवण्यासाठी तुम्ही वाऱ्याशी तिप्पट जोराने भांडत होता.

दुसरी गोष्ट घामाची. शरीर जी ऊर्जा जाळतं त्यातली साधारण २० ते २५ टक्के पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता. पेडलवर १०० वॅट उतरवायचे तर अंगात ३०० ते ४०० वॅटची शेगडी पेटते. ५० वॅटवर भागवलंत तर शेगडीही निम्मीच.

ढकलगाडी

म्हणजे जाऊन येऊन रोज २२ मिनिटं जास्त द्यायची, तीही सगळी उन्हात. त्यापेक्षा ई-सायकल घ्यावी आणि मोकळं व्हावं. (हे मी गमतीत म्हणत नाहीये.)

सावकाश_जा

घ्या की, मी काही सोवळं पाळत नाही. चढ मोठा असेल, अंतर १५ किमीच्या वर असेल किंवा गुडघा खरंच गेलेला असेल, तर मीही तेच सांगेन. बऱ्याच देशांत २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किमीपर्यंतच साथ, अशी मर्यादा असलेल्या गाडीला सायकलच समजतात. फक्त घेण्याआधी दुकानात एकदा उचलून बघा. २० किलोच्या पुढचं धूड रोज जिना चढवायचं असेल तर तोही व्यायामच.

पण नऊ किमी, एक चढ? आहे ती सायकल बाहेर काढा आधी.

घंटीवाली

बाई म्हणून सांगते, कारण पोचल्यावर 'अवतार' दिसण्याची चिंता मला तुमच्यापेक्षा जास्त होती. सहा वर्षं झाली.

घाम खरा येतो तो थांबल्यावर. चालवताना अंगावरून वारा जात असतो, तोवर तो वाळत राहतो. उतरलात की वारा बंद, आणि आतली शेगडी अजून चालूच. म्हणून शेवटचा दीड किलोमीटर मी अगदी रमतगमत जाते. पोचल्यावर लगेच कपडे बदलायचे नाहीत, ही सगळ्यांची पहिली चूक. १० मिनिटं पंख्याखाली किंवा मोकळ्या हवेत बसा, तोंड-मान-हात गार पाण्याने धुवा, ओल्या रुमालाने पाठ-काखा पुसा, घाम थांबला की मगच धुतलेला शर्ट. आधी बदललात तर दोन शर्ट भिजतात. रात्री आंघोळ झाली असली तरी सकाळी निघताना परत करा, जुन्या घामावर नवा घाम आला की वास येतो, ताज्या घामाला फारसा येत नाही.

पाठीवर सॅक नको. सॅकच्या मागे पाठ अशी भिजते की बाकी सगळं नीट करूनही उपयोग नाही. कॅरियर बसवून घ्या आणि बॅग त्याला बांधा किंवा बाजूला अडकवायची पिशवी घ्या. कपडे घडी न घालता गुंडाळले की चुण्या कमी पडतात. बूट, पट्टा आणि एक जादा शर्ट ऑफिसातच ठेवा. मी सोमवारी दुसऱ्या वाहनाने जाते, आठवड्याचे कपडे नेऊन ठेवते, मागच्या आठवड्याचे परत आणते. हो, आठवड्यातून चारच दिवस सायकल. पाचही दिवस गेलंच पाहिजे असा नेम करणाऱ्यांच्या सायकली दीड महिन्यात जिन्याखाली जातात, हे मी माझ्याच विभागात तीनदा पाहिलंय.

हाफ_पेडल

ताई, सोमवारची युक्ती झकास आहे. मी रोज सगळं पाठीवर वाहत होतो, लॅपटॉपसकट.

गुडघे_वाचवा

सायकल चालवताना तुमचे दोन्ही पाय सीटवर बसल्या बसल्या जमिनीला टेकतात का?

हाफ_पेडल

टेकतात ना. व्यवस्थित. पडायची भीती नको म्हणून.

गुडघे_वाचवा

वाटी पुढून दुखते याचं बहुधा हेच कारण. सीट खाली आहे, त्यामुळे प्रत्येक फेरीत गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडून जोर लावतोय.

भिंतीला हात टेकून सीटवर बसा. पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर न कलता. आता नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवा, गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप राहतो. एवढंच माप. चालवताना कंबर डावी-उजवी डुलायला लागली किंवा गुडघा मागच्या बाजूने धरला तर सीट जास्त वर गेली, थोडी उतरवा. एका वेळी अर्धा सेंटिमीटर, मग दोन दिवस चालवून बघायचं. आणि सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

सीट वर गेली की सिग्नलला पाय पुरणार नाहीत. पुरायचे नसतातच. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं, निघताना एक पेडल वर घेऊन त्यावर वजन टाकायचं. मोकळ्या जागेत १५ मिनिटं सराव केलात की भीती जाते.

दुसरं, गियर. जड गियरवर रेटत जाण्यात मर्दुमकी नाही, गुडघ्याची वाट लागते. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. १८ ते २० आला पाहिजे, म्हणजे मिनिटाला ७० ते ८० फेऱ्या. चढ लागल्यावर नाही, लागायच्या आधी गियर हलका करायचा. हे सगळं करून दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मात्र धाग्यावर विचारू नका, डॉक्टरला दाखवा.

फ्रीव्हील

पंक्चरचं कोणी बोललंच नाही अजून. पहिल्या आणि दुसऱ्या पंक्चरला ट्यूबवर किती भोकं होती, आठवतं का?

हाफ_पेडल

पहिल्या दिवशी एक, काटा होता. दुसऱ्या दिवशी दोन, अगदी शेजारी शेजारी. काढणारा म्हणाला साप चावलाय.

फ्रीव्हील

बरोबर म्हणाला. एक भोक म्हणजे काहीतरी घुसलं. जोडीने दोन म्हणजे चाकात हवा कमी होती, खड्ड्याच्या काठावर टायर दबला आणि ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली. पहिलं पंक्चर काढल्यावर हवा 'हाताने दाबून' भरली असणार. अंगठ्याने दाबून टायर कडक वाटतो हो, पण ३० पीएसआयही (हवेच्या दाबाचं माप) कडकच वाटतो आणि ५० ही.

टायरच्या बाजूवर आकडा छापलेला असतो, किमान-कमाल. ३५ मिमीच्या आसपासच्या रुंदीला मी ५० ते ६० ठेवतो, मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त कारण वजन मागे असतं. तुम्ही वजन लपवताय म्हणजे वरच्या आकड्याकडे झुका. पंप दाब दाखवणाऱ्या घड्याळाचाच घ्या, पायाखाली धरून मारायचा. सायकल उभी असली तरी रबरातून हवा हळूहळू झिरपते, म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. माझी पंक्चरं निम्म्याहून कमी झाली ती या एका सवयीने, भारी टायरने नाही.

सोबत एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, चाकाच्या नटाचा पान्हा. रस्त्यावर चिकटपट्टी करत बसायचं नाही, ट्यूब बदलायची आणि निघायचं. भोक घरी बुजवायचं. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा, काटा अजून तिथेच असतो आणि तो तुमचीच वाट पाहत असतो. घरी चिकटवताना सोल्यूशन लावल्या लावल्या पॅच ठेवू नका, ओलसर चमक जाईपर्यंत थांबा. सगळे इथेच घाई करतात.

आणि हे सगळं आधी एकदा घरात, सुट्टीच्या दिवशी करून बघा. मागचं चाक. पुढचं कोणीही काढतं.

ढकलगाडी

घाम झाला, गुडघा झाला, पंक्चर झालं. रस्त्यावरच्या गाड्यांचं काय? सायकलसाठी वेगळी लेन असलेल्या देशांत हे सगळं शोभतं. आपल्याकडे कडेने जीव मुठीत धरून चालवायची.

घंटीवाली

कडेने चालवणं हेच जास्त धोक्याचं आहे. अगदी कडेला खडी, जाळ्या, पाणी, आणि उभ्या गाड्यांची दारं. उभ्या गाडीपासून निदान एक मीटर, शक्यतो जास्त अंतर ठेवून सरळ रेषेत चालवा. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या फटीत शिरून परत बाहेर यायचं नाही, मागच्याला तुम्ही अचानक उगवल्यासारखे वाटता. रस्ता अरुंद असेल तर थोडा वेळ मधोमध घ्या, मागचा चिडला तरी चालेल. चिडलाय म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंय.

वळणाऱ्या ट्रक-बसच्या आतल्या बाजूला कधीही नाही. कधीही म्हणजे कधीही. ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही आणि मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून वळतात. सिग्नलला त्यांच्या मागे थांबा, पाच सेकंद जाऊ देत.

गुडघे_वाचवा

+१. आणि हेल्मेट सपाट घाला, भुवईच्या वर दोन बोटं. डोक्यामागे टोपीसारखं ढकललेलं बघितलं की माझा जीव खालीवर होतो. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदलायचं.

मधला_रस्ता

ढकलगाडी, 'त्या देशांत' हे काही आकाशातून पडलं नाही. नेदरलँड्समध्ये १९५० ते ७० च्या दरम्यान मोटारी भरमसाट वाढल्या आणि सायकली कडेला पडत गेल्या. १९७१ साली तिथे रस्त्यांवर ३,०००हून जास्त माणसं गेली, त्यांत ४००हून अधिक मुलं. आई-वडील रस्त्यावर उतरले, चळवळीचं नावच 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा अर्थाचं होतं. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं. मग हळूहळू रस्ते बदलले.

ढकलगाडी

छान. म्हणजे मी ५० वर्षं थांबतो.

मधला_रस्ता

थांबा. तोवर मी ऑफिसला जाऊन येतो.

वाचनमात्र

🙂 धुराचं काय पण? एवढा श्वास ओढत गाड्यांच्या मागे जायचं तर फायदा की तोटा?

आकडेमोड

यावर २०१६ मध्ये एक अभ्यास आला होता. हवेतल्या सूक्ष्म कणांचं (पीएम २.५) प्रमाण घनमीटरला २२ मायक्रोग्रॅम असेल तर सायकलीचा फायदा धुराच्या तोट्यापेक्षा कितीतरी जास्त निघतो, कितीही चालवा. तेच प्रमाण १०० असेल तर दिवसाला दीड तासानंतर तोटा फायद्यावर कुरघोडी करायला लागतो. हाफ_पेडल यांचे रोजचे ७२ मिनिटं होतात, म्हणजे वाईट हवेतही रेषेच्या अलीकडे. पण फार अलीकडे नाही, तेव्हा धुरकट दिवशी सरळ सुट्टी घ्यावी.

दुसरा गाजलेला अभ्यास २०१७ चा, ब्रिटनमधल्या २,६३,४५० लोकांचा. सायकलने कामाला जाणाऱ्यांत कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका ४१ टक्के कमी दिसला. मात्र हा आकडा व्हॉट्सअॅपवर फिरतो तसा घेऊ नका. त्यांनी वय, धूम्रपान वगैरे हिशेबात धरलंय, तरी मुळात ठणठणीत माणूसच सायकल काढतो हा संशय पूर्ण जात नाही. मी काही ४१ टक्क्यांसाठी चालवत नाही, मला सकाळी कोणाशी बोलायचं नसतं म्हणून चालवतो.

सावकाश_जा

हाफ_पेडल, एक राहिलं. स्कूटरच्याच रस्त्याने जाता ना? नकाशा उघडा आणि आतल्या गल्ल्यांनी वाट शोधा. एक-दीड किलोमीटर वाढला तरी चालेल. सुट्टीच्या दिवशी एकदा जाऊन या, ऑफिसच्या दाराला हात लावून परत. कुठे खड्डा, कुठे कुत्री, कुठे सावली, सगळं कळतं.

हाफ_पेडल

रविवारी जातो.

हाफ_पेडल

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. १२ दिवस गेलो, म्हणजे आठवड्याला चार. विक्रम मोडला!

नवी वाट १०.४ किमीची आहे आणि मला ती जुन्या ९ पेक्षा छोटी वाटते. दोन मोठे सिग्नल टळले, चढाचा निम्मा भाग गल्लीतून वळसा घालत जातो. ४१ मिनिटं. परवा एक काका पुढे गेले, मागे दुधाचा कॅन बांधलेला. जाऊ दिलं. सोपं नव्हतं.

सीट तब्बल ४ सेंटिमीटर वर गेली. पहिले दोन दिवस उंटावर बसल्यासारखं वाटलं, सिग्नलला एकदा कोसळता कोसळता वाचलो. वाटी दुखायची थांबली आहे. मागचं चाक घरात काढलं, बसवायला दीड तास लागला आणि शेवटी चेन उलट्या बाजूला होती, पण काढलं. घाम येतो, पण पुसण्याइतका. खुर्ची अजून कोणी सरकवलेली नाही.

आता नवीन भानगड. गेले चार दिवस चालवताना टक-टक आवाज येतो. डोकं उठलंय.

फ्रीव्हील

वा! अभिनंदन. आता आवाज कधी येतो ते नीट सांगा. पेडलच्या एका फेरीला एकदा की चाकाच्या? पेडल मारणं थांबवून नुसती घरंगळू दिली तर येतो का? सीटवरून उठून चालवल्यावर?

हाफ_पेडल

पेडलच्या फेरीला बरोबर एकदा. पेडल थांबवलं की बंद. उठून चालवली तरी येतो.

फ्रीव्हील

मग सीटचा दांडा निर्दोष, चाकाचे आरेही निर्दोष. राहिलं पेडल, क्रँक (पेडल ज्याला लागतं तो दांडा) किंवा दोन्ही क्रँकच्या मधली बेअरिंग. आधी क्रँकचे बोल्ट आवळा. मग दोन्ही पेडलं काढून आट्यांना ग्रीस लावून परत घट्ट बसवा. लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. डावं पेडल सोडवायला पान्हा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. हे विसरून जोर लावणाऱ्यांनी पान्हे वाकवलेत.

चेनही मोजून घ्या, आवाजासाठी नाही, असंच. नव्या चेनच्या २४ कड्या पिनपासून पिनपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच जास्त भरल्या तर चेन बदला, नाहीतर ती मागचे दातेही खाते.

हाफ_पेडल

चेन ठीक आहे. बोल्ट आवळले, पेडलं काढली (डाव्याला एकदा उलटाच जोर लावला, कबूल), ग्रीस लावलं. टक-टक चालूच.

गुडघे_वाचवा

गुडघा तर नाही ना वाजत?

हाफ_पेडल

तो संशय मलाही आला होता. जिन्यावर वाजत नाही.

फ्रीव्हील

मग मधली बेअरिंग. ती घरी काढू नका, वेगळं हत्यार लागतं. पण दुकानात नेण्याआधी एक करा, कोणाला तरी दुसऱ्या बुटांनी चालवून बघायला सांगा.

हाफ_पेडल

बूट? बुटांचा काय संबंध?

हाफ_पेडल

मुलीने चपला घालून चालवली. आवाज नाही. मी चालवली, टक-टक. उजव्या बुटाच्या नाडीचं प्लॅस्टिकचं टोक दर फेरीला क्रँकवर आपटत होतं.

फ्रीव्हील

गाठ मारून टोकं नाडीतच खोचा. माझे यात दोन महिने आणि एक नवी बेअरिंग गेली होती.